डोळे उघडणारी तसबीर

न्हावा शेवा आणि उरण परिसरातील कॅथलिक घरांत पाऊल टाकले की पाहुण्याची नजर प्रथम समोरच्या भिंतीकडे जाते. तेथे येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, तिच्यापुढे छोटा लाल दिवा असतो, शेजारी मरियामाता आणि घराचा आवडता संत असतो. अनेक घरांत याच रांगेत आणखी एक तसबीर आढळते. काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त. एका कोनातून पाहिले तर त्याचे डोळे मिटलेले, पाहणारा किंचित हलला की तेच डोळे उघडलेले. छपाईच्या व्यवसायात या प्रकाराला लेंटिक्युलर चित्र म्हणतात. आपल्या घरांत त्याला ‘हलता फोटो’ किंवा ‘डोळे उघडणारा येशू’ एवढेच नाव आहे. धार्मिक कलेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात या तसबिरीला जागा मिळालेली आमच्या पाहण्यात नाही.

या उपेक्षेत आमचाही वाटा आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या सभागृहात घरोघरच्या जुन्या पवित्र चित्रांचे प्रदर्शन भरले होते. निवडीचे काम आमच्याकडे होते. श्रद्धेने आणून दिलेली अशी हलती चित्रे आम्ही एकजात बाजूला काढली. शाळकरी मुलांच्या फूटपट्टीवर जे तंत्र शोभते ते प्रभूच्या मुखावर शोभत नाही, असा आमचा युक्तिवाद होता. कोणी विरोध केला नाही. ज्यांची चित्रे नाकारली त्यांनी ती मुकाट्याने पिशवीत घालून परत नेली. त्या निर्णयाचा फेरविचार करावा असे पुढे एका घरी घडलेल्या प्रसंगाने आम्हांस वाटू लागले. हा लेख त्या फेरविचारातून आला आहे.

ते कुटुंब या किनाऱ्यावरचे जुने रहिवासी. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले; त्याआधी जमिनीसाठी झालेला लढा आणि जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पडलेले पाच बळी येथील प्रत्येक घराला ठाऊक आहेत. शेवा आणि हनुमान कोळीवाडा या गावांना तर आपली मूळ जागाच सोडावी लागली. ज्यांची घरे उठली नाहीत त्यांचीही घरे पुढच्या काळात बदलली. खाजण गेले, मिठागरे गेली, कंटेनरांचे यार्ड आले, सिडकोची द्रोणागिरी आणि उलवे ही नगरे वसली, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा शेव्याला येणारा अटल सेतू खुला झाला. या कुटुंबानेही कौलारू घर सोडून उलव्याला सदनिका घेतली. सामानाबरोबर तसबिरी आल्या आणि नव्या रंगाच्या भिंतीवर लागल्या. त्यानंतर घरातील आजी अस्वस्थ राहू लागल्या. त्यांचे म्हणणे एकच होते : प्रभू आता डोळे उघडत नाही.

मुलाला वाटले, वयोमानाने भ्रम होत असेल. सुनेला वाटले, जुने घर सुटल्याचे दुःख या रूपाने बाहेर येत आहे. धर्मगुरूंनी येऊन घराला आशीर्वाद दिला, तरी आजींची तक्रार कायम राहिली. आम्ही भेटीला गेलो तेव्हा, थोडे कला-बिला जाणणारे म्हणून, आमच्यापुढे प्रश्न ठेवण्यात आला. तसबीर जुनी, फिकट आणि बेढब दिसते. ती काढून चांगल्या चौकटीत नवे चित्र लावावे का? पूर्वीचे आम्ही असतो तर तत्काळ होकार दिला असता. या वेळी मात्र, का कोण जाणे, आम्ही खुर्ची घेऊन त्या तसबिरीसमोर बसलो.

तेथे काय घडले हे सांगण्यापूर्वी या चित्राची घडण समजून घेणे अगत्याचे आहे. पाहणारा हलला की बदलणारे चित्र ही प्लॅस्टिकच्या युगाची निर्मिती नाही. गास्पार आंत्वान द ब्वा-क्लेर या चित्रकाराने १६९२ मध्ये डेन्मार्कच्या राजघराण्यातील दोन व्यक्तींचे चित्र उभ्या त्रिकोणी पट्ट्यांवर रंगवले. एका बाजूने एक व्यक्ती दिसते, दुसऱ्या बाजूने दुसरी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ज याने, बारीक रेषांच्या जाळीआड एकाआड एक पट्ट्या ठेवून, दोन डोळ्यांना दोन वेगळी छायाचित्रे दाखवण्याची युक्ती सिद्ध केली. १९०८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी त्याला पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षी, गाब्रिएल लिपमन याने जाळीऐवजी सूक्ष्म भिंगे वापरण्याची कल्पना मांडली. पुढे प्लॅस्टिकचे साचे स्वस्त झाले आणि हे तंत्र बाजारात उतरले. अमेरिकेच्या १९५२ च्या निवडणुकीत आयझेनहॉवर यांच्या प्रचाराचे असे हलते बिल्ले निघाले. १९६४ च्या फेब्रुवारीत ‘लुक’ या मासिकाने एडिसनच्या अर्धपुतळ्याचे खोली असलेले चित्र अंकात घालून लाखो वाचकांपर्यंत पोचवले. त्यानंतर पवित्र चित्रांनी हा मार्ग धरला यात नवल नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणबत्त्यांच्या शेजारी ती विक्रीस मांडलेली आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. आजींची तसबीरही सत्तरच्या दशकात त्याच जत्रेतून आलेली.

चित्राची रचना साधी आहे. दोन चित्रे बारीक पट्ट्यांत कापून एकाआड एक छापतात. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा बसवतात. या पत्र्यावर नखाला जाणवतील अशा समांतर धारा असतात आणि प्रत्येक धार हे एक लांबट भिंग असते. हातात धरायच्या चित्रात एका इंचात साठ, पंचाहत्तर किंवा शंभर भिंगे असतात. दुरून पाहायच्या मोठ्या चित्रात ती जाड आणि कमी असतात. पाहणाऱ्याचा कोन बदलला की प्रत्येक भिंग आपल्याखालची दुसरी पट्टी पुढे करते. कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की शेजारच्या भिंगाखालची पट्टी दिसू लागते आणि सगळा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. भिंगाच्या धारा उभ्या असतील तर आपल्या दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात आणि त्यातून खोलीचा भास होतो. १९८४ च्या ‘माय डियर कुट्टीचातन’ या मल्याळी चित्रपटासाठी प्रेक्षकांना जो चष्मा चढवावा लागला, तो येथे चित्रानेच चढवलेला असतो. धारा आडव्या असतील तर दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसते. खोली मिळत नाही, पण पाहणारा वर-खाली झाला की चित्र स्वच्छ बदलते. उभ्या धारांचे चित्र डावी-उजवीकडे चालणाऱ्यासाठी असते, तर आडव्या धारांचे उठणाऱ्या-बसणाऱ्यासाठी.

आजींच्या तसबिरीवर आम्ही नख फिरवले. धारा आडव्या होत्या. मग आम्ही विचारले, जुन्या घरी ही कोठे होती? उत्तर मिळाले : आल्ताराच्या फळीवर, खिळ्याला दोरीने बांधून, पुढे झुकलेली. जुन्या घरांत तसबिरी अशाच लावत. वरची कड भिंतीपासून वीतभर सुटलेली आणि चित्राचा चेहरा खाली बसलेल्या माणसाकडे वळलेला. त्या घरी आजी उभ्या असताना त्यांना मिटलेले डोळे दिसत. जपमाळ हाती घेऊन त्या गुडघे टेकत तेव्हा दृष्टी खाली येई, कोन बदले आणि समोरचे डोळे उघडत. चाळीसहून अधिक वर्षे रोज संध्याकाळी हे घडत होते. नव्या घरी तीच तसबीर दाराच्या चौकटीवर, भिंतीला सपाट चिकटवून लावली होती. इतक्या खालून आणि इतक्या तिरक्या कोनात उभे राहा की गुडघे टेका, क्रमाची तीच बाजू दिसणार. प्रभूचे डोळे खरोखरच मिटलेले राहिले होते. आजींचे निरीक्षण अचूक होते. भ्रम झाला होता तो आम्हां शहाण्यांना.

तसबीर खाली उतरवून, तिच्या वरच्या कडेमागे लाकडाचा एक ठोकळा बसवून ती पुढे झुकवली. एवढ्याने काम झाले. आजींना आम्ही भिंगांची हकिकत समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवले. ‘ते मला ठाऊक आहे, बाबा. डोळे प्लॅस्टिकचेच आहेत. पण गुडघे मलाच टेकावे लागतात ना?’

या उत्तराने आमच्या जुन्या युक्तिवादाचा पाया हलला. हे तंत्र भाविकाला फसवते, असे आम्ही धरून चाललो होतो. येथे भाविक फसलेली नव्हती. ख्रिस्तसभेने प्रतिमांविषयी जे शिकवले आहे तेच ती आपल्या भाषेत सांगत होती. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने सांगितले की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो जिची ती प्रतिमा आहे त्या व्यक्तीला पोचतो. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये पुन्हा बजावले की प्रतिमेत दैवी शक्ती वसते म्हणून आपण तिचा आदर करत नाही. आजींचे वाक्य या दोन्ही शिकवणींच्या चौकटीत बसते.

तरीही सर्वच हलती चित्रे सारख्या मोलाची आहेत असे आम्ही म्हणणार नाही. समीक्षेचे काम येथून सुरू होते. पहिला प्रश्न असा : चित्रात जो बदल होतो त्याला काही अर्थ आहे काय? मिटलेले डोळे आणि उघडे डोळे, क्रूसावरचा ख्रिस्त आणि पुनरुत्थित ख्रिस्त, या जोड्यांत एक अवस्था दुसरीकडे नेते. पवित्र शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांमधील अंतर पाहणाऱ्याला स्वतः हलून ओलांडावे लागते. याउलट एका कोनात पवित्र हृदय, दुसऱ्यात मरियामाता, तिसऱ्यात एखादा संत अशी चित्रे बाजारात मुबलक आहेत. तीन तसबिरींची जागा एकीत वाचवण्यापलीकडे त्यांत काही साधत नाही. कोणाच्याही मुखाकडे स्थिर पाहता येत नाही; एक चेहरा पूर्ण उमटण्याआधी दुसरा त्यावर चढतो.

डोळ्यांच्या चित्राला तर कलेच्या इतिहासात प्रतिष्ठित पूर्वज आहे. गाब्रिएल फॉन माक्स या चित्रकाराने १८७४ मध्ये वेरोनिकाच्या रुमालावरील ख्रिस्तमुख रंगवले. त्यातील पापण्या मिटलेल्या आहेत, पण काही काळ पाहत राहिले की त्यांतून बुबुळे आपल्याकडे पाहत आहेत असे वाटते. त्याच्या प्रती युरोपभर घरोघरी गेल्या. माक्सने कुंचल्याने जे साधले ते जत्रेतील चित्र भिंगाने साधू पाहते. फरक असा की माक्सच्या चित्रात स्थिर उभे राहून पाहावे लागते आणि बदल मनात होतो. भिंगाच्या चित्रात शरीर हलवावे लागते आणि बदल डोळ्यांपुढे होतो. पहिला प्रकार अधिक सूक्ष्म आहे, हे मान्य. पण प्रार्थना ही शरीरानेही करायची गोष्ट आहे, हे गुडघे टेकणाऱ्या समाजाला सांगायला नको.

आमच्या समोरच्याच बेटावर, घारापुरीच्या लेण्यात, तीन मुखांचे भव्य शिल्प आहे. ते हिंदू बांधवांचे श्रद्धास्थान. त्याच्या अर्थाविषयी अधिकाराने बोलण्याचा आमचा हक्क नाही. केवळ पाहण्याच्या रीतीविषयी एक निरीक्षण नोंदवतो. समोर उभे राहिले की मधले शांत मुख दिसते. डावीकडे सरकले की एक मुद्रा, उजवीकडे सरकले की निराळी. पाषाण हलत नाही, पाहणारा हलतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पींनी जे प्रचंड दगडात जाणले होते, त्याची एक स्वस्त, चिमुकली छाया या प्लॅस्टिकच्या पत्र्यात आहे. स्वस्त म्हणून ती तिरस्कारास पात्र ठरत नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रवी वर्मा छापखान्याच्या तैलरंगी छापांनाही जाणकारांनी बाजारू म्हणून हिणवले होते; आज तेच छाप संग्राहक जपून ठेवतात. पवित्र हृदयाच्या ज्या रूपाची आपल्याला सवय झाली आहे ते पोंपेओ बातोनीने १७६७ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर रंगवले. ते आपल्या भिंतीवर आले ते स्वस्त छपाईच्याच वाटेने.

खोलीच्या चित्रांबाबत मात्र आमचे मत अधिक कठोर आहे. लिओनार्दोच्या शेवटच्या भोजनाचे त्रिमिती रूप घरोघरी दिसते. मूळ भित्तिचित्रात खोली आधीच आहे. छताच्या आणि भिंतींच्या रेषा प्रभूच्या मस्तकाकडे धाव घेतात. त्यावर पुन्हा भिंगाची खोली चढवली की प्रेषित पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्यांसारखे एकामागे एक उभे राहतात आणि दृष्टी प्रभूपाशी पोचण्याऐवजी थरांत अडकते. उलट नाताळच्या गोठ्याचे साधे त्रिमिती चित्र अनेकदा चांगले वठते. गुहेचा अंधार, मागे बैल, पुढे गव्हाण. येथे खोली हा विषयाचाच भाग आहे. आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. या तंत्रात आपल्या मातीचा चेहरा जवळजवळ दिसत नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आंजेलो द फोन्सेका यांनी (१९०२–१९६७) साडीतील मरिया आणि भारतीय वळणाचे ख्रिस्तजीवन रंगवले. बाजारातील हलत्या चित्रांत मात्र अजून तोच निळ्या डोळ्यांचा येशू आढळतो.

ज्यांना अशी चित्रे घ्यायची किंवा जमवायची आहेत, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. चित्र विकत घेताना ते हातभर अंतरावर धरून सावकाश तिरके करावे. एक अवस्था पूर्ण जाऊन दुसरी यावी. पहिल्या मुखाचे भूत दुसऱ्यावर रेंगाळत असेल तर छपाई सदोष आहे. गडद आणि फिकट यांचा तीव्र विरोध असलेल्या जोड्यांत हे भूत हटकून दिसते. चित्रावरून तिरके पट्टे सरकत असतील तर भिंगे आणि छपाई एका रेषेत नाहीत. नखाने धारांची दिशा पाहावी आणि घरातील जागा त्यानुसार ठरवावी. उभ्या धारांची तसबीर येण्याजाण्याच्या वाटेवर किंवा लांब खोलीत शोभते; आडव्या धारांची तसबीर प्रार्थनेच्या जागी, बसल्या माणसाच्या दृष्टीच्या उंचीला लावावी, आणि उंच लावणे भाग असेल तर पुढे झुकवावी.

तसबिरीपुढे काच घालू नये. काचेची आणि धारांची चमक एकमेकींत मिसळते. ट्यूबलाइट नेमकी समोर असेल तर मुखावर पांढरा पट्टा उमटतो. प्रकाश वरून आणि बाजूने यावा. मेणबत्ती किंवा समई अगदी खाली ठेवू नये. उष्णतेने प्लॅस्टिक वाकते, आणि वाकले की पुन्हा सरळ होत नाही. थेट उन्हाने रंग उडतो. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत मागच्या पुठ्ठ्याला बुरशी येते, म्हणून भिंत आणि चौकट यांत बोटभर फट ठेवावी. पुसायला मऊ कापड घ्यावे आणि धारांच्या दिशेनेच फिरवावे. रॉकेल, स्पिरिट, थिनर यांचा स्पर्श होऊ देऊ नये. ओरखडा गेला की तो कायमचा. चित्र गुंडाळून किंवा दुमडून ठेवू नये. आणि एका खोलीत एकच हलती तसबीर पुरे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात चर्चमधील प्रतिमांची संख्या बेताची आणि मांडणी सुसंगत असावी असे सांगितले आहे. घरातील भिंतीलाही तो संयम शोभून दिसेल.

एक सूचना पालकांसाठी. ‘तू चांगला वागलास तर प्रभू डोळे उघडतो’ असे मुलांना कधी सांगू नये. ज्या दिवशी मूल त्या पत्र्यावर नख फिरवून युक्ती ओळखते, त्या दिवशी आपण सांगितलेल्या इतर गोष्टींवरचाही त्याचा विश्वास डळमळतो. त्याला भिंगे दाखवावीत, पट्ट्या समजावून द्याव्यात, आणि मग जपमाळेला बोलवावे. युक्ती ठाऊक असूनही प्रार्थना करता येते, हे त्या घरातील आजींनी आम्हांस शिकवले.

त्या प्रदर्शनातून परत पाठवलेली चित्रे आज कोणाच्या घरी आहेत, कोणत्या माळ्यावर पडली आहेत, आम्हांस ठाऊक नाही. ती सगळीच मांडण्याजोगी होती असे आजही आम्ही म्हणणार नाही. तीन मुखांची ती चित्रे आम्ही पुन्हा बाजूला ठेवू. पण प्रत्येक तसबीर घेऊन येणाऱ्याला, ती घरी कोठे लावली होती आणि तिच्यापुढे कोण बसत असे, एवढे तरी विचारायला हवे होते. ते आम्ही विचारले नाही. या बंदराने अनेक घरे हलवली आहेत, आणखीही हलतील. ज्यांना नव्या भिंतीवर जुनी तसबीर लावायची आहे त्यांनी खिळा ठोकण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील माणसाला तिच्यासमोर बसवावे आणि काय दिसते ते विचारावे. मगच उंची ठरवावी.